चित्रं कुणाची, हे लिहून ठेवणारी बाई

संग्रहालयात वस्तू दाखल झाली की तिची नोंद होते. त्या नोंदवहीत एक रकाना असतो: वस्तू कुणाकडून आली. काही वर्षांपूर्वी एका ताम्रपटाच्या निमित्तानं मला एका संग्रहालयाची अशी जुनी नोंदवही पाहायला मिळाली. क्रमांक होता, लांबी-रुंदी होती, वजन तोळ्यामाशापर्यंत होतं. त्या एका रकान्यात मात्र पानामागून पान आडवी रेघ. सोबतचे गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "कारकुनी काम हो ते. आधीच्यांनी केलं नाही, आता कोण करणार?"

'कारकुनी' हा शब्द तेव्हापासून डोक्यात अडकून बसला आहे. ज्या कामात बुद्धी लागत नाही, धाडस लागत नाही, नाव होत नाही, त्याला आपण कारकुनी म्हणतो. खरं तर आपला निम्मा इतिहास दप्तरांतल्या कारकुनांनी लिहून ठेवला म्हणून आपल्याला ठाऊक आहे. रोझ वालाँ या फ्रेंच कला-इतिहासकार बाईंचं आयुष्य वाचत गेलो तेव्हा या शब्दाचा अपमान आपण किती वर्षं करत आलो आहोत ते उमगलं. माझं म्हणणं सरळ आहे. संग्रहालयाची किंमत त्याच्या दालनांवरून ठरवू नये, त्या एका रकान्यावरून ठरवावी. तो रकाना भरायला माणसं नेमणं, त्यांना नीट पगार देणं आणि रकान्यात जे नाव निघेल त्याच्या दारी स्वतःहून जाणं हे सरकारचं काम आहे. ज्याची वस्तू गेली त्यानं पुरावे घेऊन खेटे घालायचे, ही रीत उलटी आहे.

वालाँबाईंचा जन्म १ नोव्हेंबर १८९८ चा, फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या इझेर जिल्ह्यातल्या सें-एतिएन-द-सें-झ्वार या लहान गावातला. वडील लोहार. घोड्यांना नाल मारणं हा त्यांचा धंदा. मुलगी हुशार निघाली, शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, मग लिआँच्या कलाशाळेत गेली, तिथून पॅरिसला. चित्रकला शिकवण्याची पात्रता मिळवली, लूव्रच्या प्रशालेत आणि विद्यापीठात कला-इतिहासाचा अभ्यास केला. एवढी तयारी असलेली ही बाई १९३२ मध्ये पॅरिसच्या झ्यू द पोम या संग्रहालयात कामाला लागली ती बिनपगारी. प्रदर्शनं मांडायची, सूची तयार करायच्या, पत्रव्यवहार सांभाळायचा, आणि पोटासाठी दुसरीकडे काही करायचं. पगार सुरू झाला १९४१ मध्ये. नऊ वर्षं!

इथे जरा थांबावंसं वाटतं. संग्रहालयाचं काम म्हणजे खात्यापित्या घरच्यांची हौस, अशी समजूत त्या काळी युरोपात होती. वरच्या जागा पुरुषांच्या आणि वजनदार घराण्यांच्या. लोहाराच्या मुलीला आत यायचं असेल तर तिनं फुकट राबावं. आपल्याकडे आज तासिका तत्त्वावर, कंत्राटावर, 'अनुभव मिळतोय ना' म्हणत कला आणि इतिहासाची पोरं कशी राबवली जातात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे फार लांबचं वाटणार नाही. वालाँबाईंच्या त्यागाचे गोडवे गाताना हा अन्याय झाकला जाऊ नये. त्या टिकल्या. त्यांच्यासारख्या किती जणी पाचव्या-सहाव्या वर्षी निघून गेल्या असतील, त्यांची नोंद कुठेच नाही.

झ्यू द पोम ही तुइलेरी बागेच्या कोपऱ्यातली, काँकोर्द चौकाला लागून असलेली लांबट इमारत. १८६१ मध्ये चेंडूच्या एका जुन्या खेळासाठी बांधलेली. पुढे तिथे परदेशी समकालीन चित्रकारांचं संग्रहालय झालं. १९३९ मध्ये युद्ध तोंडावर आलं तेव्हा राष्ट्रीय संग्रहालयांच्या कारभारातले वरिष्ठ अधिकारी झाक झोझार यांच्या देखरेखीखाली लूव्र रिकामं करण्यात आलं. 'मोना लिसा' सकट हजारो कलाकृती शाँबोरच्या किल्ल्यात आणि तिथून पुढे ठिकठिकाणी हलवल्या गेल्या. राष्ट्राची चित्रं राष्ट्राच्या नोकरांनी वाचवली. ती कामगिरी मोठी होतीच. पण घराघरांतली चित्रं कुणी वाचवायची? विशेषतः ज्यूंच्या घरांतली, ज्यांना १९४० पासून त्यांच्याच देशाच्या कायद्यानं परकं ठरवायला सुरुवात केली?

१९४० च्या ऑक्टोबर अखेरीला नात्सी पुढारी आल्फ्रेड रोझेनबर्गच्या नावानं चालणाऱ्या पथकानं झ्यू द पोम ताब्यात घेतलं. पॅरिसमधल्या ज्यू कुटुंबांकडून, गॅलऱ्यांकडून लुटलेल्या कलाकृती इथे आणायच्या, छाटायच्या, त्यांचे फोटो काढायचे, खोक्यांत भरायच्या आणि जर्मनीला पाठवायच्या. रोथशिल्ड, पॉल रोझेनबर्ग (हा ज्यू कलाविक्रेता, त्या पुढाऱ्याशी फक्त आडनाव सारखं), दाव्हिद-वेल, आल्फोन्स कान, अशी घराणीच्या घराणी तिथल्या भिंतींना टेकून उभी राहिली. झोझार यांनी वालाँबाईंना सांगितलं: काहीही करून तिथेच राहा. आलेल्या मालाची फ्रेंच बाजूनंही यादी व्हावी म्हणून बाई वही घेऊन बसल्या तेव्हा एका जर्मन अधिकाऱ्यानं ती वही मिटून टाकली. उघडपणे लिहिणं तिथे संपलं. मग चार वर्षं चोरून लिहिणं चाललं.

त्यांना जर्मन समजतं हे तिथल्या जर्मनांना कळलं नाही. चष्मा, अंबाडा, साधे कपडे, वय चाळिशीच्या पुढे. इमारतीची गरम पाण्याची नळयंत्रणा आणि पहारेकरी सांभाळणारी कुणी बाई, एवढीच त्यांच्या लेखी तिची ओळख. ती ऐकत होती. कचऱ्याच्या टोपल्यांतले कार्बन कागद उचलून घरी नेत होती. फोटोंच्या निगेटिव्ह संध्याकाळी बाहेर न्यायच्या, रात्रीत प्रती करवून घ्यायच्या आणि सकाळी होत्या तिथे ठेवायच्या. कोणतं चित्र, कुणाच्या घरचं, कोणत्या खोक्यात, कोणत्या गाडीनं, कोणत्या किल्ल्याकडे, हे सगळं वह्यांत आणि चिठोऱ्यांवर उतरत होतं. हेरमान गोरिंग या इमारतीत सुमारे वीस वेळा येऊन गेला, स्वतःसाठी चित्रं निवडून गेला. त्याच्या भेटींचीही नोंद झाली. त्याच्यासाठी माल हेरणारा दलाल ब्रूनो लोझे यानं १९४४ च्या फेब्रुवारीत बाईंना लिहिताना पकडलं आणि गोळी घालण्याची धमकी दिली. त्यांना इमारतीतून अनेकदा हाकलण्यात आलं. प्रत्येक वेळी काही ना काही निमित्त काढून त्या परत आल्या.

१९४३ च्या जुलैत 'अधःपतित कला' म्हणून शिक्का मारलेली आधुनिक चित्रं चौकटींतून फाडून जाळली गेली. बाईंच्या नोंदीनुसार पाचशे ते सहाशे. या आकड्यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. मला त्या वादातली एक गोष्ट मोलाची वाटते: जो काही वाद आहे तो त्यांनी टिपून ठेवलं म्हणून आहे.

मग १९४४ चा ऑगस्ट. दोस्त सैन्य पॅरिसकडे येत होतं आणि जर्मनांनी उरलेल्या आधुनिक चित्रांची १४८ खोकी आगगाडीत चढवली. बाईंनी गाडीचा आणि डब्यांचा तपशील झोझार यांच्यापर्यंत पोहोचवला, तिथून तो रेल्वे कामगारांकडे गेला. त्यांनी ती गाडी पॅरिसच्या वेशीवर इतके दिवस रखडवली की २७ ऑगस्टला जनरल लक्लेर्कच्या सैनिकांनी ती गाठली. त्या तुकडीचा तरुण अधिकारी होता आलेक्सांद्र रोझेनबर्ग. खोकी उघडली तेव्हा त्यांत त्याच्या वडिलांच्या, पॉल रोझेनबर्ग यांच्या गॅलरीतली चित्रं निघाली.

ही गोष्ट सांगणाऱ्यांना इथे थांबायला आवडतं, कारण इथे ती सिनेमासारखी दिसते. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

झ्यू द पोममध्ये त्या चार वर्षांत दोन याद्या तयार होत होत्या. दुसरी यादी लुटारूंची होती, आणि ती अतिशय व्यवस्थित होती. प्रशिक्षित जर्मन कला-इतिहासकार त्यावर बसले होते. प्रत्येक वस्तूचं कार्ड, फोटो, माप, चित्रकाराचं नाव. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत पथकाच्या हिशेबात सुमारे २२ हजार वस्तू जमा झाल्या होत्या, दोनशेहून अधिक संग्रहांमधून. म्हणजे नुसती व्यवस्थित नोंद हा सद्गुण नाही. त्या कार्डांवर मालकाच्या जागी सांकेतिक अक्षर असे. रोथशिल्ड म्हणजे आर, पुढे आकडा. आणि ज्या वस्तूचा मालक कोण हे लिहिण्याची तसदी घेतली गेली नाही तिच्यावर तीन अक्षरं: यू एन बी, म्हणजे 'उनबेकान्ट', अज्ञात. चित्रकार ज्ञात, कॅनव्हासचं माप ज्ञात, ज्या घराच्या भिंतीवरून ते चार दिवसांपूर्वी उतरवलं त्या घराचा मालक अज्ञात. वालाँबाईंची यादी माणसाला धरून होती. चित्र ज्याचं त्याला परत द्यायचं आहे, या एका हेतूनं ती लिहिली जात होती. दोन्ही याद्यांत चित्रं तीच होती. यादी कुणासाठी लिहिली जाते यावर ती चोरीचा हिशेब ठरते की न्यायाचा कागद, ते ठरतं.

त्या दोन याद्यांच्याही बाहेर राहिलेले लोक होते, आणि त्यांचा उल्लेख केल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. पथकाचा पॅरिसमधला प्रमुख कुर्ट फॉन बेहर याच्याकडे आणखी एक मोहीम होती. पळून गेलेल्या, पकडून नेलेल्या ज्यूंची घरं रिकामी करायची. एकट्या पॅरिसमध्ये सुमारे ३८ हजार घरं अशी धुवून नेली गेली: पलंग, पडदे, पियानो, भांडी, मुलांची खेळणी. हा माल शहरातल्या गोदामांत छाटला जाई, त्यांपैकी एक लेव्हितां नावाचं फर्निचरचं मोठं दुकान. छाटणी करायला द्राँसीच्या छावणीतले ज्यू कैदी. काही जणांच्या हाती स्वतःच्याच घरच्या वस्तू आल्या. त्या मालाची यादी कुणी केली नाही. रोथशिल्डांकडे फोटो होते, विम्याचे कागद होते, वकील होते. शिंप्याच्या घरातल्या एका लहानशा निसर्गचित्राचा कागद कुठे असणार? नोंदसुद्धा श्रीमंतीच्या मागे जाते, हे कटू आहे. म्हणूनच 'पुरावा आणा, मग बघू' ही अट वरवर न्याय्य दिसली तरी ती गरिबाला कायमचं दाराबाहेर ठेवते.

मुक्तीनंतर बाईंनी आपल्या वह्या लगेच कुणाच्याही स्वाधीन केल्या नाहीत. जेम्स रोरिमर या अमेरिकन अधिकाऱ्यावर, जो स्वतः न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला माणूस होता, त्यांचा हळूहळू विश्वास बसला आणि त्यांनी त्याला ठिकाणं सांगितली. बव्हेरियातला नॉयश्वानश्टाइनचा किल्ला त्यांत होता. तिथे लुटलेली चित्रं सापडली आणि पथकाची कार्डंही. बाईंनी फ्रेंच सैन्याचा गणवेश चढवला, कप्तान झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं जर्मनीत हिंडून फ्रान्सच्या वस्तू शोधत राहिल्या. युद्धानंतर सुमारे ६० हजार कलावस्तू फ्रान्सला परत आल्या. त्यांतल्या सुमारे ४५ हजार १९५० पर्यंत मालकांना किंवा वारसांना मिळाल्या. हा आकडा एकट्या बाईंचा नाही, पण त्यांच्या वह्यांवाचून तो इतका मोठा झाला नसता.

क्युरेटर हा हुद्दा त्यांना मिळाला १९५२ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर.

आता उरलेल्या पंधरा हजारांचं काय झालं ते पाहा. सुमारे १३ हजार वस्तू सरकारनं विकून टाकल्या. दोन हजारांहून थोड्या अधिक, निवडक, चांगल्या, लूव्र आणि इतर संग्रहालयांकडे सोपवल्या. त्यांना वेगळी नोंदवही दिली, वेगळे क्रमांक दिले आणि त्या सरकारी मालकीच्या नाहीत, सरकार फक्त त्यांचा राखणदार आहे, असं कागदोपत्री ठरलं. नियम उत्तम होता. पण राखणदारानं मालकाला शोधायचं की मालकानं राखणदाराला, हे त्यात नव्हतं. त्यामुळे पुढच्या चाळीस वर्षांत परत गेलेल्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चित्रं भिंतींवर होती, खाली पाटी होती, लाखो लोक समोरून जात होते, आणि ज्याच्या घरचं ते चित्र त्याचा नातू कदाचित त्याच गर्दीत होता.

यात कुणी एक खलनायक नव्हता. फ्रान्सला युद्धानंतर पुढे जायचं होतं. नात्सींशी सहकार्य कुणी केलं, लिलावांत कुणी खरेदी केली, कोणत्या दलालांनी हात ओले केले, हे उकरायला कुणी तयार नव्हतं. वालाँबाई १९६८ मध्ये निवृत्त झाल्या, त्यानंतरही कागदपत्रं लावत बसल्या. १९६१ मध्ये त्यांनी आठवणी लिहिल्या. पदकं मिळाली: फ्रान्सची, अमेरिकेचं, अगदी पश्चिम जर्मनीचंसुद्धा. तरी १८ सप्टेंबर १९८० ला त्या गेल्या तेव्हा त्यांचं नाव सामान्य फ्रेंच माणसाला ठाऊक नव्हतं. त्यांची जन्मभराची जोडीदार जॉइस हीर तीन वर्षं आधी गेली होती. दोघी सें-एतिएन-द-सें-झ्वारला एकाच थडग्यात आहेत. झ्यू द पोमच्या भिंतीवर बाईंच्या नावाची पाटी लागली २००५ मध्ये. माणसाचा गौरव करणं सोपं असतं. त्यानं लिहिलेलं वाचून तसं वागणं अवघड.

हालचाल सुरू झाली ती १९९५ नंतर. राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी त्या वर्षी ज्यूंच्या हद्दपारीतली फ्रेंच राज्याची जबाबदारी उघडपणे मान्य केली. १९९७ मध्ये लुटीच्या चौकशीसाठी समिती, १९९९ मध्ये भरपाईचा आयोग, २०१३ पासून वारसांची वाट न पाहता त्यांना शोधण्याचे प्रयत्न, २०१९ मध्ये संस्कृती मंत्रालयात यासाठी स्वतंत्र विभाग. लूव्रनं २०१७ च्या अखेरीस अशा तीसेक चित्रांसाठी वेगळ्या खोल्या दिल्या. आणि जुलै २०२३ मध्ये सर्वसाधारण कायदा झाला: सरकारी संग्रहातली वस्तू नात्सी लुटीतली निघाली तर ती परत करायला दर वेळी संसदेत नवा कायदा करायची गरज उरली नाही. बाईंनी पहिली चिठ्ठी लिहिल्याला तोवर ८० वर्षं उलटली होती.

त्या कायद्याच्या आदल्या वर्षीचं एक उदाहरण मला फार लागलं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात गुस्टाव्ह क्लिम्टचं 'झाडांखालची गुलाबाची झुडपं' हे चित्र होतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहातलं क्लिम्टचं ते एकमेव चित्र. मूळ मालकीण व्हिएन्नाच्या नोरा स्टियास्नी. १९३८ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रिया नात्सींच्या हाती गेल्यावर, त्यांना ते मातीमोल किमतीत विकावं लागलं. १९४२ मध्ये त्यांना पोलंडकडे पाठवण्यात आलं आणि मारण्यात आलं. चित्र ज्यानं घेतलं त्यानं ते मरेपर्यंत जवळ ठेवलं. पुढे ते बाजारात आलं आणि फ्रेंच सरकारनं एका स्विस गॅलरीकडून रीतसर पैसे देऊन विकत घेतलं. साल १९८०. वालाँबाई गेल्या तेच साल. ज्या देशाच्या दप्तरखान्यात त्यांच्या वह्या होत्या, त्या देशानं १९३८ च्या व्हिएन्नातून आलेलं चित्र घेतलं आणि त्या वर्षी ते कुणाच्या हातून कुणाकडे कसं गेलं हे तळापर्यंत खणलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत खास कायदा झाला आणि त्यानंतर ते वारसांना देण्यात आलं.

मधे आणखी एक घोटाळा झाला होता. स्टियास्नी कुटुंबाचं हरवलेलं क्लिम्ट समजून ऑस्ट्रियानं त्यांच्या वारसांना दुसरंच एक चित्र, सफरचंदाच्या झाडाचं, आधी देऊन टाकलं होतं. ते दुसऱ्याच कुटुंबाचं असल्याचं पुढे कळलं. नुसत्या सदिच्छेनं न्याय होत नाही. एका घराला न्याय देताना दुसऱ्या घरावर अन्याय झाला, आणि तो केवळ नोंद कच्ची होती म्हणून.

यावर आक्षेप असतात, त्यांतला पहिला भीतीचा: असं परत करत सुटलो तर संग्रहालयं ओस पडतील. आकडे असं सांगत नाहीत. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या सुमारे ९० हजार वस्तू फ्रान्सच्या सरकारी संग्रहांत असल्याचं बेनेदिक्त साव्वा या फ्रेंच कला-इतिहासकार आणि सेनेगलचे विचारवंत फेलविन सार यांच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे. त्यावर केवढं काहूर माजलं! २०२१ मध्ये बेनिनला परत गेल्या त्या २६ वस्तू. १८९२ मध्ये कर्नल दोद्सच्या फौजेनं आबोमेच्या राजवाड्यातून उचलल्याचं नोंदीत स्पष्ट होतं म्हणून त्या जाऊ शकल्या. उरलेल्या हजारोंचा मार्ग भेट, खरेदी, लूट की जबरदस्ती, हे एकेका वस्तूचा कागद काढून पाहावं लागेल. सरसकट 'सगळं परत द्या' आणि सरसकट 'काहीच देणार नाही' ही दोन्ही कष्ट टाळणारी उत्तरं आहेत. मधलं उत्तर दप्तरखान्यात बसून शोधावं लागतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका चित्राचा माग काढायला संशोधकाची वर्षं जातात, चार भाषांतले कागद वाचावे लागतात, त्यातून प्रेक्षक वाढत नाहीत. हे खरं आहे, आणि म्हणूनच ते बाजारावर सोडता येत नाही. नवं दालन बांधलं की फीत कापता येते, मंत्र्यांचा फोटो येतो. भरलेल्या रकान्याचं उद्घाटन होत नाही. जे काम आपोआप कुणी करणार नाही आणि ज्याच्यावाचून बाकी सगळ्याचा पाया पोकळ राहतो, त्यासाठीच तर सरकारी तिजोरी असते.

आता आपल्याकडे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या मंदिरातला चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं तो पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. दलाल सुभाष कपूर यानं कागद असे रंगवले होते की मूर्ती फार पूर्वीच भारताबाहेर गेली होती. तो बनाव उघडा पाडायला उपयोगी पडले ते पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनं काढून ठेवलेले फोटो. त्या संस्थेचे छायाचित्रकार गावोगावची देवळं टिपत हिंडले होते आणि १९९४ च्या फोटोत हाच नटराज आपल्या देवळात उभा होता. मूर्ती २०१४ मध्ये परत आली. तो फोटो काढणाऱ्याच्या मनात चोरही नव्हता आणि खटलाही नव्हता. त्याला जे समोर आहे ते नीट टिपायचं होतं. हेही कारकुनी काम. आपल्या किती देवळांतल्या, किती वाड्यांतल्या वस्तूंचे असे तारीखवार फोटो आज आहेत?

महाराष्ट्रात हा विषय वाघनखांच्या रूपानं घरोघरी पोहोचला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, आधी साताऱ्याला, आली. ती शिवाजी महाराजांचीच का, यावर केवढं रण माजलं. त्या संग्रहालयाचं म्हणणं असं की ती साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आली, डब्यावर तसं कोरलं आहे, पण अफझलखानाच्या वेळी वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही. आपण दोन्ही बाजूंनी भावना पणाला लावल्या. मला वाटतं खरा प्रश्न त्या क्षणाचा होता, जेव्हा साताऱ्यात कुणीतरी ती वस्तू ग्रँट डफच्या हातात ठेवली. कुणी दिली, कोणत्या तोशाखान्यातून निघाली, त्या दिवशी त्याचा एक कागद झाला असता आणि टिकला असता, तर दोनशे वर्षांनी आपल्याला एकमेकांच्या निष्ठेवर शंका घ्यावी लागली नसती. परत आणण्याच्या मोहिमांना माझा पाठिंबा आहे. पण परदेशातल्या संग्रहालयांकडे मालकीचा हिशेब मागणाऱ्यांनी आपल्या घरच्या नोंदवह्याही उघड्या ठेवायला हव्यात. आपल्या संग्रहालयांत जे आहे ते संस्थानिकांकडून आलं, उत्खननातून आलं, कुणा गरजू घरानं अडीअडचणीत विकलं, की कुण्या गावातून नुसतंच उचललं गेलं? आदिवासी पाड्यांवरचे देव आणि मुखवटे काचेच्या कपाटांत उभे आहेत, खाली जमातीचं नाव आहे, माणसाचं नाही. यू एन बी.

यासाठी करायचं ते काही अवघड नाही. सरकारी आणि अनुदानित संग्रहालयांच्या नोंदवह्या मालकीच्या रकान्यासकट लोकांना पाहायला मोकळ्या कराव्यात, रिकाम्या रकान्यांसकट. रिकामा रकाना लाजिरवाणा वाटेल, वाटू दे. तो पाहून कुणी तरी म्हणेल, हे आमच्या आजोळचं आहे. मोडी वाचणारी मुलं आज हौसेनं वर्ग करून तयार होत आहेत, त्यांना या कामावर कायम पगारी नेमावं. 'सेवा' म्हणून फुकट राबवू नये. आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याची आठवणही पुरावा म्हणून ऐकून घ्यावी, लिहून घ्यावी, मग तिची छाननी करावी. पॅरिसच्या शिंप्याला ती संधी मिळाली नाही.

ज्या ताम्रपटासाठी मी त्या संग्रहालयात गेलो होतो त्यावर दान दिलेल्या गावाचं नाव कोरलेलं आहे, चतुःसीमेसकट: पूर्वेला ओढा, दक्षिणेला टेकडी. ते गाव आजही त्याच नावानं आहे आणि दिवसातून दोनदा तिथे एस.टी. जाते. ताम्रपट कुणाच्या देवघरातून आला, हे विचारायला संग्रहालयातून तिथे अजून कुणी गेलेलं नाही.